घड्याळावर येणारी नदी

वऱ्हाडी माणसापुढे नदीतल्या नौकाविहाराची गोष्ट काढणे म्हणजे उपासाच्या दिवशी पुरणपोळीचे वर्णन करण्यासारखे आहे. पूर्णा, पेढी, मोर्णा, काटेपूर्णा ही नावे आम्ही शाळेत पाठ केली. पण पावसाळ्यातले थोडे दिवस सोडले तर नदी म्हणजे वाळू, बेशरमाची झुडपे आणि मध्येच कुठे एखादे हिरवे डबके. २०१८ साली अकोल्यात मोर्णेतली जलकुंभी काढायला हजारो माणसे उतरली, तेव्हा आपल्या गावच्या नदीला पहिल्यांदाच हात लावणारे त्यांत कितीतरी असतील. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा तर असा, की विहिरीला पाणी लागले तरी पिता येत नाही. आमच्या पिढीतली खेड्यातली पोरे पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. त्यातल्या पुष्कळ विहिरी आता आटल्या, आणि भोपळा भाजीपुरता उरला.

अशा मुलखात २०२४ च्या गणपतीच्या दिवसांत माझ्या हातात एक छापील अर्ज आला. वर लिहिले होते, ‘अरण्य-भ्रमंती आणि राफ्टिंग शिबिर, वयोगट १४ ते १८’. अर्ज अमरावतीतल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचा. (चर्चला मराठी ख्रिस्ती घरांत ‘मंडळी’ म्हणतात, मला तो शब्द फार आवडतो.) दिवाळीच्या सुटीत तीन दिवस चिखलदऱ्याला पायी भटकायचे, मग रेल्वेने मुंबईकडे आणि तिथून रायगड जिल्ह्यात कोलाडला. तिथे कुंडलिका नदीच्या धावत्या पाण्यातून रबरी नावेने जायचे.

अर्ज घेऊन आले होते आमचे जुने हेडकॅशियर. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, पण बँकेतली सवय जात नाही, अजून ‘साहेब’च म्हणतात.

“सलाम साहेब. पोरगी आईकत नाही. सून म्हणते, जाऊ द्या. मले तं भेव वाटते. तुम्ही जन्मभर कर्जाचे कागद वाचले, हाबी वाचून पाहा न जी.”

पोरगी म्हणजे त्यांची नात. नववीत, ऑगस्टमध्ये चौदा पूर्ण झालेली. भेव कशाचे तेही मला माहीत होते. १९६५ च्या श्रावणात त्यांचा सोळा वर्षांचा थोरला भाऊ गावच्या नाल्याच्या पुरात गेला. वर आभाळ कोरडे होते, पाऊस कुठेतरी दूर डोंगरात झाला होता, आणि गुडघाभर पाण्यातून बैल घेऊन येणाऱ्या पोराला लोंढा दिसला तेव्हा तो दहा हातांवर होता. बैल पोहून बाहेर आले. तेव्हापासून त्या घरात कोणी पाण्यात उतरले नाही. शेगावला गेले तरी तलावाच्या पायऱ्यांपासून लांब उभे राहणारी ही माणसे. साठ वर्षे झाली, पण घरातल्या मुलांना ‘पाणी’ हा शब्द पिण्यापुरताच शिकवलेला.

मी अर्ज वाचला. बँकेत अडतीस वर्षे काढल्यावर एक खोड लागते. कागदावरचे मोठे अक्षर सोडून नजर आधी तळाच्या बारीक अक्षराकडे जाते. तिथे नेहमीचेच वाक्य होते: सहभागी स्वतःच्या व पालकांच्या जबाबदारीवर येत आहे. आता असे वाक्य प्रत्येकच अर्जावर असते आणि त्यावरून काही कळत नाही. कर्ज देताना आम्ही तारणापेक्षा माणूस पाहायचो. धारणीच्या शाखेत असताना मी बैलजोडीची आणि शेळ्यांची कर्जे वाटली आहेत. कागद सगळ्यांचे सारखेच असायचे. कोणाची शेळी जगणार ते त्याच्या गोठ्यात डोकावल्यावर कळायचे. तेव्हा म्हटले, चला, पाळकसाहेबांनाच भेटू.

पाळकसाहेब निघाले तिशीतले, पायांत खेळाचे बूट घातलेले. मी विचारत गेलो, ते वहीत पाहून सांगत गेले. मुले किती? अठरा. मोठी माणसे? पाच, त्यांत दोन बायका, त्यांतली एक परिचारिका. पोहता किती जणांना येते? त्यांनी वही न पाहता सांगितले, “अठरांतल्या तिघांना.” हे उत्तर मला आवडले, कारण ते लपवण्यासारखे होते. नावा कोणाच्या, गाइड कोण, आणीबाणीत सगळ्यांत जवळचे रुग्णालय कोणते, पाणी किती वाजता सुटते आणि ते कोण कळवते, याची उत्तरे त्यांच्याजवळ होती. आधी स्वतः जाऊन नदी उतरून आले होते. मग मी विचारले, “नदीवर शेवटचा शब्द कोणाचा?”

“गाइडचा. तिथं मीही प्रवासीच. त्यानं बसा म्हटलं की पाळकानंही बसायचं.”

“आणि एखादी मुलगी ऐनवेळी नाही म्हणाली तर?”

“तर जिथे असेल तिथे थांबेल. पैसे परत मिळणार नाहीत, पण तिला कोणी चिडवणार नाही. ते मी पाहीन.”

हेडकॅशियर इतका वेळ गप्प होते. त्यांनी एकच विचारले, “प्रार्थना करता न?”

“करतो ना काका. जॅकेटचे पट्टे ओढून झाले, की करतो.”

हे प्रश्न माझ्या डोक्यातून उपजलेले नव्हते. वर्तमानपत्रे वाचून वाचून ते साठत गेलेले. १९९३ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे शाळकरी मुले छोट्या होड्या घेऊन समुद्रात गेली आणि त्यांतली चार बुडाली. पुढे खटल्यात निघाले ते असे, की त्याच केंद्रावरच्या दोन प्रशिक्षकांनी आदल्या वर्षी चालकांना लेखी कळवले होते, की इथली व्यवस्था धोक्याची आहे. पत्र आले, वाचले गेले, राहून गेले. कंपनीच्या संचालकाला तुरुंगात जावे लागले, आणि १९९५ साली ब्रिटनने मुलांच्या साहस-केंद्रांसाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर गेली आणि डझनाहून अधिक मुलेमुली परतली नाहीत. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले. असे उपक्रम चालवणाऱ्याने नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे ठेवावीत, असे त्यात आहे. पालकांनी निदान नोंदणी विचारावी. आपण साडीचा रंग जाईल का ते चारदा विचारतो, हे विचारायला लाजतो.

पण मला सगळ्यांत जास्त आठवत होती २०१४ च्या ८ जूनची गोष्ट. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले हिमाचलमध्ये बियास नदीच्या पात्रात दगडांवर उभी राहून छायाचित्रे काढत होती. वर लारजीच्या जलविद्युत प्रकल्पाच्या धरणातून पाणी सोडले गेले. पात्र भरत आले तेव्हा मुले मधल्या दगडांवर अडकली. चोवीस विद्यार्थी वाहून गेले. हेडकॅशियरांच्या भावाचा नाला आणि ही बियास, दोन्हींत गोष्ट एकच: वरचे पाणी सुटले आहे हे खालच्याला ठाऊक नव्हते. गंमत अशी, की कोलाडची नावही चालते ती वरून सोडलेल्या पाण्यावरच. फरक एवढाच, की तिथे सगळे त्या पाण्याची वाट पाहत काठावर उभे असतात.

हे मी हेडकॅशियरांना सांगितले. ते दोन दिवसांनी आले आणि म्हणाले, “सही करतो. पण मीबी येतो, आन् तुम्हीबी.”

आमच्या कॉलनीत याची चर्चा झालीच. एका सद्गृहस्थांनी डोळा बारीक करून विचारले, “पोरांना देवाच्या नावानं जंगलात न्यायची गरज काय?” त्यांच्या प्रश्नामागचा प्रश्न मला कळत होता. मेळघाट आणि मिशन हे दोन शब्द जवळ आले, की आपल्याकडे आवाज खाली जातो. तर त्याचे सांगतो. शिबिरातली अठरांतली पंधरा मुले ख्रिस्ती घरांतली होती, तीन त्यांचे शाळासोबती. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ते तिघे लाकडे आणायला गेले तरी कोणी हाक मारली नाही. एक जण गाणे आवडले म्हणून बसला. माझ्या कपाळावरच्या गंधाकडेही कोणी वाकडे पाहिले नाही.

बाकी, देवासाठी रानात जाणे ही काही परदेशातून आलेली चाल नव्हे. आमच्या अमरावती जिल्ह्यातच मोर्शीजवळ साळबर्डीचा डोंगर आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी तिथे एकांतात राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला दरीत लोटले, म्हणून कीचकदरा, अशी कथा आहे. वैराट हे इथले सर्वांत उंच ठिकाण विराटनगरीशी जोडतात. पांडवांचे अज्ञातवासाचे वर्ष आपण आपल्या घाटात आणून ठेवले. आणि मराठी ख्रिस्ती माणसाला अरण्यप्रवासाचा वारसा हवाच असेल तर पंडिता रमाबाई आहेत. १८५८ साली गंगामूळच्या रानातल्या आश्रमात त्यांचा जन्म झाला. बालपण सगळे तीर्थयात्रेत, पायी. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेल्यावर भाऊ-बहीण देशभर चालत राहिली. थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून झेलम नदीच्या काठी दोघांनी वाळूत खड्डे केले आणि गळ्यापर्यंत स्वतःला पुरून रात्र काढली. हे सारे त्या ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीचे. तो बाप्तिस्मा १८८३ सालचा.

‘अरण्य’ शब्दाचीही एक मौज आहे. बायबलमधले अरण्य म्हणजे झाड नसलेला, पाणी नसलेला उजाड मुलूख. इस्राएल लोक चाळीस वर्षे हिंडले ते तिथे. येशू चाळीस दिवस उपाशी राहिला तोही तिथेच. मराठीत भाषांतर झाले, तेव्हा त्याला ‘अरण्य’ आणि ‘रान’ हे शब्द मिळाले, आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वाळवंटाऐवजी साग आणि बांबू उभे राहिले. भाषांतरात चूक झाली म्हणावी की भर पडली, हे कादंबरीकार म्हणून मला ठरवता येत नाही. बहुधा भर पडली.

मिशनऱ्यांनाही वऱ्हाडचे डोंगर लवकर सापडले होते. अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी १८७० च्या दशकातच एलिचपूरकडून, म्हणजे आजच्या अचलपूरहून, कोरकूंमध्ये गेले. पुढे ‘कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ अशा लांबलचक नावाची संस्था झाली, आणि कुष्ठरोग्यांसाठी कोठारा इथे आश्रय उभा राहिला. तिथे आजही रुग्णालय आहे. अकोल्याच्या जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातल्या बायकांच्या दुःखांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० साली निघाले, त्याला प्रस्तावना रमाबाईंची होती. ही माणसे डोंगर चढली ती कामासाठी. मुलांना मुद्दाम रानात नेऊन तंबूत ठेवण्याची कल्पना अमेरिकेतली. वायएमसीएच्या समनर डडली यांनी १८८५ साली न्यूयॉर्क राज्यात सात पोरांना एका तळ्याकाठी नेले, आणि त्यातून पुढे हजारो उन्हाळी शिबिरे निघाली.

राफ्टिंग, दोरावरून उतरणे, एकट्याने रात्र काढणे वगैरे जे आज मुलांच्या शिबिरांत असते, त्यातले बरेचसे आले कुर्ट हान यांच्याकडून. हा जर्मनीतला ज्यू शिक्षक. हिटलरच्या विरोधात बोलल्यामुळे देश सोडावा लागला, ब्रिटनमध्ये शाळा काढली, पुढे ख्रिस्ती झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडवत होत्या. जहाजकंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांना दिसत होते, की जीवरक्षक होडीत तरुण, धट्टीकट्टी पोरे आधी मरतात आणि म्हातारे खलाशी टिकतात. म्हाताऱ्यांच्या अंगात जोर कमी, पण समुद्र त्यांनी पूर्वी पाहिलेला. मग १९४१ साली वेल्समध्ये अ‍ॅबरडोव्ही इथे दोघांनी मिळून ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली: संकट अंगावर येण्याआधी त्याची थोडी ओळख करून द्यायची, ती जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. अमरावतीकरांना हे नवे वाटू नये. आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून मल्लखांबावर पोरांना पडायला शिकवले आहे, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन खेळ दाखवले आहेत. मल्लखांबावर चढणे सगळ्यांना दिसते. उस्ताद आधी उतरणे शिकवतो.

तर दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. परतवाड्यानंतर घाट लागला तशी मुले गात होती ती थांबली, कारण दोघांना गाडी लागली. चिखलदऱ्यात उतरल्याबरोबर पाळकसाहेबांनी स्टीलचा एक मोठा डबा फिरवला आणि सगळ्यांचे मोबाइल त्यात गोळा केले. माझाही मागितला. मी दिला, पुढच्या तासाभरात चारदा हात खिशाकडे गेला.

मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यात पायी हिंडायला परवानगी नाही, आणि नसावीच. मुले चालली ती पठारावरच्या ठरलेल्या वाटांनी, पुढे एक कोरकू वाटाड्या. पहिल्या दिवशी गाविलगड. शार्दूल दरवाजावरचा गंडभेरुंड पाहायला सगळे थांबले; १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने हा किल्ला घेतला, आणि पुढे बारा वर्षांनी त्याच माणसाने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले, हे मी सांगितल्यावर एका पोराने विचारले, “म्हणजे प्रॅक्टिस आमच्याकडे केली?” उत्तर मला सुचले नाही. वाटाड्या फारसे बोलत नव्हता, पण मुलांनी झाडांची नावे विचारली तेव्हा सांगू लागला. सागाला कोरकूत ‘सिपना’ म्हणतात. मेळघाटातल्या नदीचे नावही सिपनाच. धारणीला मी त्या नदीच्या काठाने कितीदा गेलो होतो. झाडाचे नाव नदीला दिले आहे हे मुलांसोबत कळले. कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे, ती झारखंडातल्या मुंडारीच्या कुळातली. त्या कुळाचे सगळ्यांत पश्चिमेचे घर आमचा सातपुडा.

स्वयंपाक मुलांनीच करायचा होता. पहिल्या रात्रीचे पिठले खालून करपले आणि वरून कच्चे राहिले, पण भांडे रिकामे झाले. दुसऱ्या रात्री रोडगे. कॅम्पात आलेल्या एका मावशींनी गोवऱ्यांचा निखारा करून दाखवला, पोरांनी कणकेचे गोळे भाजले, राख झटकून फोडले, वांग्याच्या भाजीत कुस्करले. बोटे भाजली. अमरावतीत ज्यांना आई ताट हातात आणून देते ती पोरे एकमेकांना “तुला वाढू का?” विचारत होती.

नारायण वामन टिळकांची गीते ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून म्हटली गेली. टिळकांनी ख्रिस्ती भजन अभंगाच्या चालीवर आणले, त्यामुळे डोळे मिटले तर पंढरपूरच्या वाटेवर आहोत असे वाटावे. मग एलीयाची गोष्ट वाचली: डोंगरावर देवाची वाट पाहणाऱ्या त्या संदेष्ट्यापुढून आधी वादळ गेले, मग भूकंप, मग आग, आणि देव त्यांपैकी कशातच नव्हता, नंतर हलका आवाज आला. एवढे सांगून पाळकसाहेब थांबले. प्रवचन नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलांना पन्नास-पन्नास पावलांवर, एकमेकांना दिसतील पण बोलता येणार नाही असे बसवले. एक तास. पुस्तक नाही, वही नाही. मीही बसलो. पंधरा मिनिटांत मला तीन हप्त्यांची, दोन आजारांची आणि एका अपुऱ्या कादंबरीची आठवण झाली. मग कुठे माझ्या बुटावरून जाणारी मुंगी दिसली. हेडकॅशियरांची नात सगळा तास पाठमोरी बसली होती. काय पाहिलेस विचारले तर म्हणाली, “काही नाही आजोबा. खूप वर्षांनी कंटाळा आला.” चौदा वर्षांच्या मुलीची ही ‘खूप वर्षे’.

रेल्वेचा प्रवास सांगत नाही. अठरा पोरे, रात्र आणि चिवड्याच्या पिशव्या, एवढे पुरे.

कुंडलिका ही सह्याद्रीतून निघून रेवदंड्याला समुद्राला मिळणारी लहानशी नदी. तिच्यात दिवाळीनंतरही पाणी धावते ते मुळशीचे. मुळशीचे धरण होऊ नये म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यात सेनापती झाले, मावळ्यांच्या जमिनी तरीही गेल्या. टाटांनी ते पाणी डोंगर पोखरून पश्चिमेकडे वळवले, सुमारे पाचशे मीटर खाली सोडले आणि १९२७ साली भिऱ्याला वीज सुरू झाली. जे पाणी मुळा, भीमा, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे, ते तिथून कुंडलिकेत येते आणि अरबी समुद्राला जाते. दिवे लावून झालेले हे पाणी सकाळी नदीत सुटते, आणि त्यावर कोलाडच्या नावा तरंगतात. काठावर उभे राहून मी हेडकॅशियरांना हे सांगत होतो. ते ऐकत होते, पण नजर पात्रावर. दगड उघडे होते. मधल्या पाण्यात एक बगळा निवांत उभा.

“कवा येते?” त्यांनी गाइडला विचारले. गाइडने घड्याळ पाहिले. “आता येईल काका.”

आधी आवाज आला नाही. दगडांमधली पांढरी जागा हळूहळू कमी झाली, बगळा उडाला, आणि पाहता पाहता पात्राचा रंग बदलला. लोंढा नव्हता, घरातला माणूस कामावरून परतावा तशी नदी आली. हेडकॅशियरांनी टोपी काढून हातात घेतली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सांगून आली.”

गाइडांनी अर्धा तास कोरड्या जमिनीवर नाव ठेवून शिकवले. वल्ह्याची वरची मूठ कधी सोडायची नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातील. पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने; दगड आला तर पायाने लोटता येतो. वाहत्या पाण्यात उभे राहायचा प्रयत्न करू नका, पाऊल दगडांत अडकले की पाणी माणसाला वाकवून खाली दाबते. हे शेवटचे मला ठाऊक नव्हते. आपण तर पोरांना ‘पाय टेकव’ असेच ओरडतो. पट्टे प्रत्येकाचे ओढून पाहिले. मग प्रार्थना झाली, दोन ओळींची. पुढे एक माणूस छोट्या होडीत, मागे तीन नावा. आम्ही दोघे गाडीने रस्त्यावरून. झाडीतून मधूनमधून नाव दिसायची, किंकाळी ऐकू यायची, पुन्हा झाडी.

पाणी शांत होते तिथे गाइड म्हणतात, आता उडी मारा, जॅकेट तरंगवेल. सगळी मुले या क्षणासाठीच आलेली असतात. आमच्या नावेतून सात जण उतरले. आठवी उतरली नाही. तीच, जिने घर डोक्यावर घेऊन अर्जावर सही मिळवली होती. गाइडने एकदा विचारले, ती नाही म्हणाली. त्याने पुन्हा विचारले नाही. आसनाखालची एक पिवळी पिशवी काढून तिच्या हातात दिली. त्यात गुंडाळलेला दोर असतो, तोंडाचे टोक आपल्या हातात ठेवून पिशवी माणसाच्या डोक्यावरून पलीकडे फेकायची, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. “तू ह्यांची राखण कर,” म्हणाला. एक पोरगा मस्तीत थोडा लांब वाहत गेला. धोका काही नव्हता. तिने पिशवी टाकली, ती अलीकडे पडली. दोर ओढून पुन्हा टाकली, ती त्याच्या कानाजवळ. त्याला तिने ओढून आणले, आणि तो वर चढताना म्हणाला, “जोरात लागली ना पिशवी!” आम्हाला रस्त्यावरून दिसले ते एवढेच, की काहीतरी पिवळे दोनदा उडाले.

रात्री सगळे गोल बसले आणि प्रत्येकाने दिवसातले एक सांगायचे ठरले. कोणी लाटेचे सांगितले, कोणी भुकेचे. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, “मी नाही म्हटलं, आणि कोणी हसलं नाही.” हेडकॅशियर ताटातला भात नुसता कालवत होते.

परत आल्यावर पाळकसाहेबांपुढे तीच वही होती: अठरांतले तिघे पोहणारे. पुढच्या शिबिराआधी सगळ्यांना पोहायला शिकवायचे असे त्यांनी ठरवले आहे, पण शिकवायचे कुठे? उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पाणी येते त्या दिवशी सण असतो, तिथे पोहण्याचे तलाव किती असणार. आणि पाणी नाही म्हणून बुडणेही नाही, असे मात्र नाही. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत गावोगावी तळी झाली. शेतकऱ्याला त्यांचा आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असते, काठ उतरता, पाण्याने गुळगुळीत. एकदा पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. शेळी पाणी प्यायला वाकते, तिला धरायला पोर वाकते. आपल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींत येतात त्या बातम्या ह्याच. त्या पोरांच्या आईबापांनी कुठल्याही अर्जावर सही केलेली नसते.

शिबिरातल्या एका मुलाच्या मामांचे अकोट तालुक्यात असे तळे आहे. डिसेंबरातल्या एका रविवारी उपासना झाल्यावर सात-आठ मुले तिथे गेली, सोबत आम्ही दोघे म्हातारे. चारही काठांवर खुंट ठोकून प्रत्येकाला हातहातभर अंतरावर गाठी मारलेला नायलॉनचा दोर बांधला, तो अस्तरावरून पाण्यात सोडला. ट्रॅक्टरच्या दोन जुन्या ट्यूब हवा भरून दोराला लावल्या. मुलीने सिमेंटच्या रिकाम्या पोत्याची पिशवी शिवून आणली होती. ती कशी टाकायची ते तिने मामांना दाखवले, मामींना दाखवले, मग आजोबांच्या हातात दिली. एकाहत्तर वर्षांचे हेडकॅशियर तळ्याच्या काठापासून चार पावलांवर उभे होते. तीन पावले पुढे आले, हात मागे नेला आणि पिशवी टाकली. ती मध्यापर्यंतही गेली नाही. मामा म्हणाले, दोर कमी पडतो, अजून दहा हात पाहिजे. तो अकोटच्या बाजारातून आणायचा ठरला.